नंबर येईपर्यंत

दिवाळीचा पत्र्याचा डबा आज रिकामा केला. तळाशी नानकटाईचा चुरा तेवढा उरला होता, तो मुलाने दुधात घालून संपवला. मागच्या वर्षी याच डब्याने मला रडवलं होतं. तेव्हापासूनचं वर्ष जसं गेलं तसं लिहून ठेवतेय. कुणाला मुलाला वाचनालयात घालायचं असेल, किंवा दिवाळीची नानकटाई भट्टीवरून भाजून आणायचं काम अचानक स्वतःच्या अंगावर येऊन पडलं असेल, तर कामी येईल. माझ्यावर दोन्ही एकदमच आलं.

आम्ही धुळ्याला, देवपूर भागात राहतो. मी एका पतपेढीत काम करते, नवरा एसटीत आहे. मुलगा मागच्या वर्षी तिसरीत होता, इंग्रजी माध्यमात. सासूबाई शिंदखेड्याकडच्या, घरात अहिराणीच बोलतात. माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं, त्यामुळे त्यांचं बोलणं मला परकं नव्हतं. परका होता तो त्यांचा स्वयंपाक. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, खापरावरची (मातीच्या उपड्या तव्यावरची) पोळी आणि दिवाळीची नानकटाई या दोन गोष्टी त्यांनी कुणाच्या हाती दिल्या नव्हत्या. मीही कधी मागितल्या नाहीत. आयतं मिळत होतं ना!

सप्टेंबर 2024 मध्ये सासूबाई मोरीत घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. दिवाळी तोंडावर.

त्यातच 15 ऑक्टोबर आला. डॉ. कलामांचा जन्मदिवस, शाळांमधून वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. आमच्या शाळेतून निरोप आला, आवडतं मराठी पुस्तक घेऊन पाठवा. बारा दिवसांपूर्वीच, 3 ऑक्टोबरला, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला होता आणि आमच्या घरात आठ वर्षांच्या मुलाने न्यावं असं एकही मराठी पुस्तक नव्हतं. नवऱ्याच्या स्पर्धा परीक्षांची होती, माझ्या दोन कादंबऱ्या होत्या, पोथ्या होत्या. शेवटी तो मराठीचं पाठ्यपुस्तक घेऊन गेला. संध्याकाळी आला तेव्हा म्हणाला, "सगळ्यांनी तेच आणलं होतं." मला बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली.

रविवार, 27 ऑक्टोबर. वसुबारसेच्या आदल्या दिवशी, म्हणजे अगदी चुकीच्या दिवशी, मी सामान घेऊन भट्टीवर गेले. दोन किलो मैदा, दीड किलो पिठीसाखर, दीड किलो वनस्पती तूप, पाव पाव किलो रवा आणि बेसन, वेलदोड्याची पूड, आणि तो पत्र्याचा डबा. सोबत मुलगा, कारण नवऱ्याला दिवाळीच्या जादा गाड्यांची ड्यूटी होती. भट्टीवाल्या चाचांनी पुठ्ठ्याचा एक तुकडा हातात दिला. नंबर 61. आत 22 चालू होता. "चार तास तर लागतील ताई, घरी जाऊन या." पण मैदा-तुपाचं गाठोडं घेऊन कुठे जाणार? बसलो.

तूप मी घरूनच पातळ करून नेलं होतं. मळायला सोपं जाईल, असं माझं डोकं. त्याची शिक्षा पुढे मिळाली.

दोन तासांत मोबाइलची बॅटरी संपली. मुलगा कंटाळून भट्टीच्या दारातल्या रद्दीच्या गठ्ठ्यावर जाऊन बसला. ही रद्दी पत्र्यांवर आणि डब्यात अंथरायला असते. त्यातून त्याने कुठल्याशा मुलांच्या मासिकाचं एक पान ओढून काढलं. चित्र होतं: रात्र, बैलगाडी, जुवाखाली टांगलेला कंदील आणि गाडीत एकटा मुलगा. चित्रासाठी त्याने पान उचललं आणि मग खालची अक्षरं लावायला लागला. अक्षरं लावायला, हाच शब्द बरोबर. "कं... दी... ल." जोडाक्षर आलं की थांबायचा आणि माझ्याकडे बघायचा. पाऊण तास लागला त्याला एका पानाला. शेवटची ओळ होती, कंदील विझला आणि बैल थांबले. पुढचं पान नव्हतं.

त्याने सगळा गठ्ठा उपसला. चाचांना विचारलं. चाचा म्हणाले, "बेटा, वो तो किसी के डिब्बे में गया होगा." आमच्या पोराने समोरच्या बाईंच्या भरलेल्या डब्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही. त्याला वाटलं, नानकटाईखाली आपली गोष्ट आहे.

आमचा नंबर साडेचारला लागला. तिथल्या पोऱ्याने सामान परातीत ओतलं, हात घातला आणि तोंड वाकडं केलं. "तूप पाणी झालंय." मैदा सैल झाला, गोळे धरेनात. तसेच थापून पत्रे आत गेले. बाहेर आल्या त्या पुरीएवढ्या पसरट चकत्या, एकमेकींना चिकटलेल्या. भाजणावळ किलोमागे 70 रुपयांनी जेवढी व्हायची तेवढी दिली. वर घाईघाईने गरम असतानाच डब्याचं झाकण लावलं. घरी उघडला तोवर आत वाफ धरून सगळ्या मऊ पडल्या होत्या. रडले ते तेव्हा. सासूबाईंनी प्लास्टरच्या हाताने एक तुकडा तोडला, खाल्ला आणि म्हणाल्या, "चव बरोबर शे." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप.

आता टीप इथेच देऊन टाकते. तूप गोठलेलंच न्यायचं आणि साखरेबरोबर पांढरं होईपर्यंत फेसायचं, पातळ करायचं नाही. घट्ट तूप पिठाला धरून ठेवतं आणि भट्टीत गोळ्याला जरा आकार घ्यायला वेळ मिळतो. पातळ तूप भट्टीच्या आधीच पसरायला लागतं. भट्टीतून काढलेली नानकटाई हाताला मऊ लागते म्हणून परत आत टाकायला सांगू नका, ती गार होताना कडक होते. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण नाही, शेजारची बाई कितीही घाई करो.

रात्री झोपताना मुलाने विचारलं, "पुढे काय झालं असेल?" मला काय माहीत! सासूबाई अंधारातून म्हणाल्या, "काय व्हनार? बैलले रस्ता ठाऊक ऱ्हास." म्हणजे बैल आपले आपण घरी जातील. मुलाला हे पटलं नाही. त्याला छापलेलं पान हवं होतं.

अशा रीतीने आम्ही वाचनालयाकडे गेलो. उदात्त हेतू वगैरे काही नव्हता, एक फाटकी गोष्ट शोधायची होती.

वाचनालयाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे आणि ती माणसं वाईट नाहीत. 11 नोव्हेंबरला गेलो तर सोमवारची साप्ताहिक सुट्टी. 12 ला फॉर्म मिळाला. बालसभासदासाठी लागतं ते असं: पालकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स, वीजबिलाची झेरॉक्स, मुलाचे दोन फोटो, शाळेचा बोनाफाईड दाखला आणि जुन्या सभासदाची जामीन म्हणून सही. तिसरीतल्या मुलांच्या पातळ पुस्तकांना जामीन कशाला, असं मी विचारलं. उत्तर आलं, "ताई, नियम आहे." पतपेढीत मी हेच वाक्य दिवसातून वीसदा लोकांना ऐकवते, त्यामुळे गप्प बसले.

बोनाफाईडसाठी 13 तारखेला अर्ज दिला. पण 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. शाळेचे क्लार्क निवडणुकीच्या प्रशिक्षणाला, मग शाळेतच मतदान केंद्र, मग मतमोजणी. मधे गुरुनानक जयंती. दाखला हातात आला 26 तारखेला, फी 20 रुपये. जामिनाची सही गल्लीतल्या मेडिकलवाल्यांनी दिली. ते तिथले सभासद आहेत हे मला अकरा वर्षांत ठाऊक नव्हतं. सही करता करता म्हणाले, "मी रहस्यकथा नेतो, बायकोला सांगू नका."

27 ला फॉर्म भरला. अनामत 300, प्रवेश फी 20, बालविभागाची वर्गणी महिना 20 प्रमाणे सहा महिन्यांची आगाऊ 120. एकूण 440. कार्ड 4 डिसेंबरला. म्हणजे पहिल्या फेरीपासून 23 दिवस. घाई असेल तर शाळेचा दाखला आधी काढून ठेवा, बाकी कागद एका दिवसात जमतात. आणि अनामतीची पावती जपा, सभासदत्व सोडताना तीच मागतात.

आता तक्रार. बालविभाग म्हणजे एक लोखंडी कपाट, कुलूप लावलेलं. किल्ली ज्यांच्याकडे असते ते संध्याकाळी साडेसहाला येतात. पुस्तकं टिकावीत म्हणून प्रत्येकाला खाकी कव्हर घातलेलं, वर शाईने दाखल अंक. पातळ पुस्तकं एकावर एक रचलेली. मुलाने कपाट उघडताच विचारलं, "यात चित्रं कुठे आहेत?" खरंच, वरून बघितलं तर सगळी पुस्तकं भावंडांसारखी. 2316 आणि 2317 यात त्याने काय निवडायचं? पहिल्या दिवशी आम्ही डोळे मिटून दोन ओढली. एकात शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांची माहिती होती, दुसरं गणिताच्या गमतींचं. बैलगाडी कशातच नव्हती.

नंतर एक युक्ती सापडली. किल्लीवाल्या काकांना विचारायचं, "काका, कुठलं सगळ्यांत मळलेलं आहे?" मळलेलं म्हणजे मुलांच्या हातातून गेलेलं. मागच्या चिठ्ठीवर परतीच्या तारखांचे शिक्के बघायचे. ज्या चिठ्ठीवर 1998 नंतर शिक्काच नाही ते पुस्तक परत ठेवायचं. या एका युक्तीवर आमचं निम्मं वर्ष चाललं.

वाचायचं कधी, हा खरा प्रश्न होता. मी ठरवलं, रोज रात्री साडेआठ ते नऊ. वहीत रकाने आखले. पहिला आठवडा नीट गेला, दुसऱ्यात दोन दिवस, तिसऱ्यात शून्य. साडेआठला मी ओट्याजवळच असते, नवरा गाडीवरून आलेला असतो, मुलगा झोपेला आलेला. संक्रांतीच्या आठवड्यात पुस्तकांची मुदत उलटून अकरा दिवस झाले. दंड पुस्तकामागे दिवसाला 1 रुपया, म्हणजे 22 रुपये. दंड भरताना मुलगा शेजारी उभा होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "वाचलं नाही तरी पैसे पडतात?" हो, म्हटलं, वाचलं नाही म्हणूनच.

वळण मिळालं ते फेब्रुवारीत, तेही ठरवून नाही. सासूबाईंचं प्लास्टर निघालं होतं पण मनगटात जोर नव्हता. एका रविवारी वरण-बट्टीचा बेत होता. त्यांच्या पद्धतीत बट्टीचे गोळे आधी वाफवायचे आणि मग निखाऱ्यावर भाजायचे. मागच्या अंगणात तीन विटांच्या चुलीत गोवऱ्या पेटवल्या. बट्टीला नुसतं बसून राहावं लागतं. दर थोड्या वेळाने फिरवायची, एवढंच काम. सोडून जाता येत नाही आणि करायला काही नाही. मुलगा पुस्तक घेऊन शेजारी बसला, कारण चुलीजवळ ऊब होती. मोठ्याने वाचायला लागला, कारण मी म्हटलं मला चुलीवरून नजर काढता येत नाही, तूच वाच. अडला की मी मागून सांगायची. सासूबाई पाटावर बसून ऐकत होत्या. त्या दुसरीपर्यंत शिकल्या, सही येते, बसची पाटी वाचता येते. दहा पानं झाली आणि तो थांबला तर म्हणाल्या, "मंग काय व्हयनं?"

तेव्हा मला कळलं की आमच्या घरात वाचायला वेळ नाही हे खोटं आहे. भाजणं, शिजणं, मुरणं, आंबणं यात केवढा वेळ पडून असतो. भट्टीवरचे ते पाच तास काय होते? वहीतले रकाने मी खोडले. त्याजागी लिहिलं: डाळ शिजेपर्यंत. बट्टी होईपर्यंत. इडलीचं पीठ वाटताना नाही, मिक्सरचा आवाज होतो.

दुसरी एक अडचण अशी आली जिचा मी विचारच केला नव्हता. पुस्तकांतली घरं आमच्याकडची नव्हती. पडवी, परसू, माजघर, होडी, समुद्राची गाज. धुळ्याच्या मुलाला पांझरा नदी माहीत, तीही वर्षातले बरेच महिने दगडगोट्यांची. दर दोन ओळींनी "म्हणजे काय?" व्हायचं. मी शब्दकोशातल्यासारखे अर्थ सांगायची आणि त्याचा चेहरा कोरा. सासूबाई सांगायच्या, "पडवी म्हंजे आपला ओटा समज, पुढे वाच." बरोबर अर्थ आहे का? तंतोतंत नाही. पण गोष्ट पुढे जायची. मग त्याला उलटा नाद लागला. पुस्तकातला शब्द आला की विचारायचा, आजी, तुझ्याकडे याला काय म्हणतात? वहीच्या मागच्या पानांवर अशी यादी झाली आहे: मुलगी म्हणजे आंडेर, इथे म्हणजे आठे. शाळेत त्याने बाईंना "आठे ठेवू का?" विचारलं आणि मला बोलावणं आलं. बाई हसतच होत्या, रागावल्या नाहीत.

वाचनालयात मिळत नव्हतं तेव्हा घरबसल्या काय केलं तेही सांगते. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. कंदिलाच्या गोष्टीसाठी आम्ही त्यातले बरेच अंक पालथे घातले. ती मिळाली नाही, पण दुसरं पुष्कळ मिळालं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी पातळी 1 ते 4 अशा लावलेल्या आहेत, त्याही फुकट. आमचा चिरंजीव तिसरीत असून पातळी 1 पासून सुरू झाला. त्यात कमीपणा मानू नका. एका पानावर एक ओळ आणि मोठं चित्र, यानेच त्याचा वेग वाढला. मोबाइलवर वाचण्याबद्दल माझं मत मात्र चांगलं नाही. तिसऱ्या पानाला वरून कुणाचा तरी मेसेज टपकतो आणि बोट तिकडे जातं, माझंसुद्धा.

मार्च संपला आणि आखाजीचे वेध लागले. 30 एप्रिलला अक्षय्य तृतीया. आमच्याकडे दिवाळीइतकीच मोठी: लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, पितरांची घागर भरतात आणि खापरावरची पुरणपोळी, आमरस, रशी (कटाची आमटी), कुरडई. जुन्या खापराला चीर गेली होती. कुंभाराकडून नवं आणलं, 180 रुपये. आणताना बोटाच्या गाठीने वाजवून घ्या, बद्द आवाज आला तर आतून चीर असते. सासूबाईंच्या पद्धतीने ते दोन दिवस उन्हात ठेवलं, मग मंद जाळावर तापवून तेलाचा बोळा फिरवला. सरपणासाठी माहेराहून पऱ्हाटीचा भारा मागवला. कापसाच्या त्या काड्या भराभर पेटतात आणि जाळ हवा तसा कमीजास्त करता येतो.

पोळीबद्दल किती लिहू! कणीक वस्त्रगाळ, पाणी लावून लावून इतकी सैल करायची की ती परातीतून उचलली की लोंबते. पुरण भरून गोळा हातावर घ्यायचा आणि दोन्ही हातांवर झुलवत झुलवत मोठा करायचा. लाटणं नाही. कोपरापर्यंत पोळी येते आणि मग एका झटक्यात उपड्या खापरावर. माझी पहिली हातावरच फाटली, पुरण चुलीत. दुसरी खापरावर पडली पण अर्धी दुमडून. सासूबाई शेजारी उभ्या. "किती वेळ झुलवायची, आई?" विचारलं तर म्हणाल्या, "हातले समजस ते." माझ्या हाताला अकरा पोळ्यांनंतर जरासं समजलं. बाराव्या पोळीला भोक नव्हतं. त्या रात्री दंड असे भरून आले की दुसऱ्या दिवशी पतपेढीत शिक्का मारताना कळ येत होती.

पुरणाची डाळ शिजत होती तेव्हा मुलगा वाचत होता. सासूबाईंना चित्र बघायचं होतं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, त्याच्या आधी त्या तुपाच्या वाटीत बोटं बुडवून बसल्या होत्या हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पान 14 वर हत्तीच्या पोटावर अंगठ्याचा आणि दोन बोटांचा पिवळट ठसा. मी टिपकागद लावला, बेसन भुरभुरलं, वरून इस्त्री फिरवली. डाग आणखी पसरला. इस्त्री फिरवू नका.

6 मे ला पुस्तक घेऊन गेले आणि स्वतःहून दाखवलं. नियम असा की खराब झालेल्या पुस्तकाच्या जागी नवी प्रत द्यायची. पुस्तकावर छापील किंमत 8 रुपये. ती प्रत कुठेच मिळेना. धुळ्यातली दोन दुकानं झाली, जळगावला जाणाऱ्या कंडक्टरकडून नवऱ्याने तिथल्या एका दुकानात चौकशी करवली. नाही. मग ग्रंथपालांच्या नावे साधा अर्ज लिहिला: प्रत उपलब्ध नाही, त्याऐवजी त्याच वयोगटाची दुसरी दोन पुस्तकं स्वीकारावीत. तो कार्यकारिणीच्या बैठकीत ठेवावा लागला. आठ रुपयांच्या हत्तीसाठी बैठक! 27 मे ला मंजुरी आली. दोन पुस्तकं, मिळून 150 रुपये. मी खाकी कव्हर न घालता दिली आणि काकांना म्हटलं, आठ दिवस तरी अशीच राहू द्या. त्यांनी ठेवली. अजूनही ती कपाटात वरच असतात आणि चित्रं दिसतात. जुन्या पुस्तकावर 'रद्द' असा शिक्का मारून ते त्यांनी आम्हालाच दिलं.

उन्हाळ्याची सुट्टी, मग जून, चौथीचे वर्ग, पाऊस. यात विशेष काही नाही. कधी महिन्याला चार पुस्तकं, ऑगस्टमध्ये एकच. पुन्हा 12 रुपये दंड.

या वर्षीच्या भट्टीची तयारी मात्र सप्टेंबरपासून केली. सासूबाईंची मापं लिहून घ्यायची ठरवली. त्या वाटी, मूठ, डब्याचं झाकण अशा भाषेत बोलतात. मुलगा वही घेऊन बसला. तो लिहायचा, मी मागून वजनकाट्यावर ते माप टाकून बघायची. त्यांची एक मूठ बेसन म्हणजे 45 ग्रॅम, डब्याचं झाकण भरून साखर म्हणजे 310. नवरा दारातून बघून म्हणाला, "विनोबा सांगताहेत आणि साने गुरुजी लिहून घेताहेत." धुळ्याच्या माणसाला हा विनोद सुचणारच. 1932 साली इथल्याच तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. आमच्या विनोबा मधेच चिडल्या, "इतलं काय लिखस, करी दखाडू का?" साने गुरुजींनी तेही लिहून घेतलं.

रविवार 12 ऑक्टोबरला भट्टीवर गेलो, दिवाळीच्या आठ दिवस आधी. गर्दी कमी असते, हे लक्षात ठेवा. नंबर 19, आत 7 चालू. भाजणावळ वाढून 80 झाली होती. तूप गोठलेलं, डबा पुसलेला, सोबत वाचनालयाची दोन पुस्तकं आणि यंदा सासूबाईसुद्धा. मुलगा वाचत होता. चाचांच्या नातवाने, आणखी दोन मुलींनी त्याला घेरलं. तो काही फार सफाईने वाचत नाही, जोडाक्षराला अजून थबकतो, पण आता माझ्याकडे बघत नाही. आमचा नंबर पुकारला तेव्हा त्यांचं दीड पान राहिलं होतं. एका मुलीने त्याचा शर्ट धरून ठेवला. चाचा म्हणाले, "पढ ले, बीस नंबर को ले लेता हूँ." सासूबाई घाबऱ्या झाल्या, तूप पातळ होईल म्हणून.

झालं नाही. नानकटाई जमली. चार-सहा खालून जरा जास्त भाजल्या, त्या मी खाल्ल्या.

हिशेब सांगते, कारण मला सुरुवातीला कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं. वाचनालयाचे वर्षाचे अनामतीसह 560, दंड 34, हत्तीचे 150. एकूण 744, त्यातले 300 परत मिळणारे. वहीत 27 पुस्तकांची नावं आहेत, त्यांपैकी 6 अर्धवट सोडली. मी स्वतः त्याच्या पुढे राहायचं ठरवलं होतं, आधी वाचून ठेवायचं आणि मग त्याला द्यायचं. ते एकदाही जमलं नाही. कंदिलाची गोष्ट अजून सापडलेली नाही. कुणाला ठाऊक असेल तर कळवा.

8 नोव्हेंबरला दोन पुस्तकं परत द्यायची आहेत. एक वाचून झालं. दुसरं सासूबाईंच्या उशाशी आहे, त्या दुपारी एकेक चित्र बघतात आणि बोटाने अक्षरं लावतात. दोन पानं झालीत म्हणे. मुदतवाढ घ्यावी लागेल, आणि मुदतवाढ फोनवर मिळत नाही, पुस्तक घेऊनच जावं लागतं. आता ते त्यांच्याकडून मागायचं कुणी, यावर आमच्याकडे सध्या चर्चा चालू आहे.